शहाऐंशी फाइली, एक तक्ता: हळदीच्या नमुन्यांवर एमझेडमाइन

या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत हळदीचे छत्तीस नमुने आले. बारा सांगली भागातले, बारा वसमतचे आणि बारा वर्धा जिल्ह्यातल्या वायगावचे. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून शेतकरी गटांना एकच गोष्ट हवी असते: आमची हळद वेगळी आहे, हे कुणीतरी कागदावर दाखवावं. वायगाव भागातल्या बचत गटाच्या एक ताई दर आठवड्याला फोन करायच्या. "मॅडम, आमच्या हळदीचं काय निघालं?" त्यांना द्यायचं उत्तर जवळजवळ चुकलं होतं. ते कसं चुकत होतं आणि कशामुळे सावरलं, ते सांगितल्याशिवाय एमझेडमाइन या सॉफ्टवेअरबद्दल मला प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

आधी कामाचा आकार सांगते. प्रत्येक नमुना दोनदा लिक्विड क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमीटरवर चालवला. हे यंत्र घटकांना एका नळीतून, म्हणजे कॉलममधून, वेगवेगळ्या वेळी बाहेर काढतं आणि त्यांच्या आयनांचं वस्तुमान मोजतं. म्हणजे बहात्तर इंजेक्शनं, शिवाय दहा पूल्ड क्यूसी (तपासणीसाठी वारंवार चालवायचं अर्कांचं मिश्रण) आणि चार ब्लँक (हळद नसलेलं नुसतं द्रावण). एकूण शहाऐंशी फाइली. एक रन अठरा मिनिटांचा. त्या अठरा मिनिटांत यंत्र साधारण अकराशे पूर्ण स्कॅन घेतं आणि मधल्या मधल्या वेळात आयन फोडून एमएस-टू स्कॅन घेतं ते वेगळेच. नुसते पूर्ण स्कॅन धरले तरी लाखाच्या घरात जातात. एक स्कॅन म्हणजे त्या क्षणी कॉलममधून बाहेर पडणाऱ्या सगळ्या आयनांच्या वस्तुमानांची नोंद. या लाखभर नोंदींतून मला एक तक्ता हवा होता: प्रत्येक ओळीत एक घटक, प्रत्येक रकान्यात एक नमुना.

यंत्रासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन एकत्र करायची सोय होती, पण ती सरासरीची. एक वेळ निवडायची आणि तेवढ्यातले सगळे स्कॅन मिळून एक स्पेक्ट्रम घ्यायचा. एकाच पीकवरचे स्कॅन असे एकत्र करणं चांगलंच. खरा सिग्नल स्कॅनच्या संख्येच्या पटीत वाढतो आणि यादृच्छिक गोंगाट तिच्या वर्गमूळाच्या पटीत, म्हणून सोळा स्कॅन मिळवले की सिग्नल गोंगाटाच्या तुलनेत चौपट वर येतो. (हळदीच्या लेखात घोटाळा नको म्हणून सांगते, पीक म्हणजे इथे आलेखावरचा उंचवटा.) नमुना कॉलमशिवाय थेट सोडला असेल तर एवढंही पुरतं. पण अख्ख्या रनची सरासरी काढली की वेळ हरवते, आणि हळदीत वेळ हरवून चालत नाही. अल्फा-टर्मेरोन आणि बीटा-टर्मेरोन या दोघांचं रेणुसूत्र एकच आहे. दोघांचाही प्रोटॉन लागलेला आयन २१९.१७४३ वर दिसतो. त्यांना वेगळं ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे कॉलममधून बाहेर यायची वेळ. सरासरीत ते एक होतात आणि मग कुठल्याही गणिताने पुन्हा सुटे होत नाहीत.

म्हणून एमझेडमाइनकडे वळले. हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर जावामध्ये लिहिलेलं आहे. पहिल्या आवृत्तीचा शोधनिबंध २००६ चा, फिनलंडमधल्या गटाचा. दुसऱ्या आवृत्तीचा २०१० चा आणि तिसरीचा २०२३ चा. मी तिसरी वापरली. चौथ्या आवृत्तीपासून खातं उघडून लॉगिन करावं लागतं, शैक्षणिक कामासाठी मात्र ती विनामूल्य आहे. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे एका परवान्याच्या पैशात दोन कॉलम येतात, तिथे ही गोष्ट लहान नाही.

पण सुरुवात एमझेडमाइनपासून होत नाही. प्रत्येक कंपनीच्या यंत्राचं फाइल-स्वरूप आपापलं. त्या फाइली मी आधी प्रोटिओविझार्डच्या एमएसकन्व्हर्टमधून एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात आणते. इथली एक खूण लक्षात ठेवा: फिल्टरच्या यादीत पीक पिकिंग (स्पेक्ट्रममधल्या प्रत्येक उंचवट्याची एक रेष करणं) सगळ्यात वर असलं पाहिजे. ते खाली गेलं तर कंपनीची स्वतःची पीक पिकिंग पद्धत वापरता येत नाही. एका फाइलीवर करून पाहा, स्पेक्ट्रम मोठा करून पाहा. डोंगरासारखा उतार दिसला तर तो अजून प्रोफाइलच आहे, सरळ उभ्या रेषा दिसल्या तर सेंट्रॉइड झाला. ही दोन मिनिटं वाचवू नका, कारण चूक झाली तर ती पुढे प्रत्येक पायरीत मुरत जाते.

एमझेडमाइनमध्ये आल्यावर वाट ठरलेली आहे. कितीच्या खालचा सिग्नल गोंगाट समजायचा ते सांगायचं. मग ते एकाच वस्तुमानाचे लागोपाठच्या स्कॅनमधले ठिपके जोडून त्याचा वेळेनुसार आलेख बनवतं. त्या आलेखातली एकमेकांना चिकटलेली पीक सुटी करतं. कार्बन-१३ मुळे दिसणारे समस्थानिक मूळ पीकला जोडतं. इतकं प्रत्येक फाइलीत स्वतंत्र होतं. प्रत्येक पायरीवर एक पूर्वदर्शन खिडकी उघडते. आकडा बदलला की त्याचा परिणाम तिथल्या तिथे दिसतो. या एका सोयीसाठी मी या सॉफ्टवेअरला पैकीच्या पैकी गुण देईन. गोंगाटाची पातळी किती ठेवावी हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही, ते आपल्या यंत्राच्या ब्लँककडे बघूनच ठरतं, आणि इथे ते बघता येतं.

खरं एकत्रीकरण यानंतर येतं, अलाइनमेंटमध्ये, म्हणजे सगळ्या फाइलींच्या पीक-याद्या एकमेकींशी जुळवण्यात. शहाऐंशी याद्यांतलं कुरकुमिन एका ओळीत यायला हवं. कुरकुमिनचा आयन ३६९.१३३३ वर. वस्तुमानासाठी मी ५ पीपीएमची (दहा लाखांत पाच भागांची) मोकळीक दिली, म्हणजे या ठिकाणी साधारण ०.००१८. ते बरोबर होतं. वेळेची मोकळीक दिली ०.१ मिनिट, आणि तिथे सगळं बिघडलं.

नमुने दोन लॉटमध्ये चालवले होते. सांगली आणि वसमत आधी आले, म्हणून त्यांची छप्पन्न इंजेक्शनं पहिल्या लॉटमध्ये झाली. वायगावचे डबे तीन आठवडे उशिरा पोचले. दरम्यान जुन्या कॉलमवर दाब वाढत गेला म्हणून तो बदलावा लागला. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा कॉलम. तरी कुरकुमिन पहिल्या लॉटमध्ये ९.४२ मिनिटांना यायचं, ते दुसऱ्यात ९.६८ ला यायला लागलं. सोळा सेकंदांचा फरक. मोकळीक सहा सेकंदांची. सॉफ्टवेअरने मी सांगितलं तेच केलं, कुरकुमिनच्या दोन ओळी केल्या. एक ओळ सांगली-वसमतमध्ये भरलेली आणि वायगावमध्ये रिकामी, दुसरी उलटी. हे एका कुरकुमिनपुरतं असतं तर लगेच कळलं असतं, पण शेकडो घटकांचं तसंच झालं होतं. आकडेवारीच्या आलेखावर वायगावचे नमुने इतके स्वच्छ वेगळे पडले की माझे हात थरथरले. तीन दिवस मी तो आलेख उघडून बघत होते. ताईंना फोन करायचा, एवढंच बाकी होतं.

एका ओळीने थांबवलं. सगळ्यात मोठ्या "फक्त वायगाव" ओळीवर वस्तुमान ३६९.१३३३ लिहिलेलं होतं. तिच्यावर क्लिक केलं. एमझेडमाइन त्या ओळीमागचे सगळ्या फाइलींतले मूळ आलेख एकावर एक रचून दाखवतं. त्यात क्यूसीच्या रेषाही होत्या. आमचा क्यूसी पहिल्या लॉटच्या वेळी बनवलेला, म्हणजे फक्त सांगली आणि वसमतच्या अर्कांचं मिश्रण. ते लहान कुप्यांत भरून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवलं होतं आणि दुसऱ्या लॉटमध्ये त्यातलंच चालवलं होतं. ज्यात वायगावच्या हळदीचा एक थेंबही नव्हता, त्या क्यूसीमध्येही "फक्त वायगावचा" घटक दिसत होता. एमएस-टू उघडला, १७७.०५४६ चा तुकडा सगळ्यात मोठा. कुरकुमिन असंच फुटतं. त्या संध्याकाळी मी फोन केला नाही.

मग पहिला विचार सगळ्यांना सुचेल तोच सुचला: मोकळीक वाढवू, अर्धा मिनिट देऊ. कुरकुमिन एका ओळीत आलं. टर्मेरोन मात्र मिसळले. पहिल्या लॉटमध्ये २१९.१७४३ ची दोन पीक १३.१० आणि १३.३४ मिनिटांना होती, दुसऱ्या लॉटमध्ये १३.३५ आणि १३.६० ला. आकडे पुन्हा वाचा. दुसऱ्या लॉटचं पहिलं पीक पहिल्या लॉटच्या दुसऱ्या पीकच्या जागेवर येऊन बसलं होतं. एमझेडमाइनचा जॉइन अलाइनर वस्तुमान आणि वेळ यांतल्या जवळिकीला गुण देऊन जोड्या लावतो. तो वेळ सरकवत नाही. त्याच्या दृष्टीने सगळ्यात जवळची जोडीच खरी, आणि ती चुकीची होती. वेळेचं सरकणं जेव्हा दोन समघटकांतल्या (एकच रेणुसूत्र असलेल्या घटकांतल्या) अंतराएवढं होतं, तेव्हा मोकळीक घट्ट ठेवली तर ओळी फुटतात आणि सैल ठेवली तर ओळी मिसळतात. मधला कुठलाही आकडा तिथे चालत नाही. या एका गोष्टीवर मी सर्वात जास्त वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा होता.

उपाय सॉफ्टवेअरमध्येच होता. अलाइनमेंटच्या आधी रिटेन्शन टाइम, म्हणजे कॉलममधून बाहेर यायची वेळ, दुरुस्त करायची स्वतंत्र पायरी आहे. सगळ्या फाइलींत खात्रीने सापडणारे घटक ती आधार म्हणून घेते आणि बाकीच्या वेळा त्यांच्या हिशेबाने सरकवते. हळदीत असे आधार भरपूर: बिसडेमेथॉक्सिकुरकुमिन ३०९.११२१, डेमेथॉक्सिकुरकुमिन ३३९.१२२७, कुरकुमिन, उशिरा येणारं एआर-टर्मेरोन २१७.१५८७. शिवाय आम्ही अर्कात टाकलेली दोन इंटर्नल स्टँडर्ड (मुद्दाम मिसळलेले ओळखीचे घटक) होती. वेळ दुरुस्त केल्यावर मोकळीक पुन्हा ०.१ वर आणली. कुरकुमिनची एक ओळ झाली, टर्मेरोनच्या दोनच राहिल्या. याशिवाय रॅन्सॅक नावाचा दुसरा अलाइनरही आहे. तो सरकण्याचा वाकडातिकडा कल स्वतः शोधतो. माझ्या फाइलींवर दोन्ही वाटांनी जवळपास सारखाच तक्ता आला, मी पहिली वाट ठेवली कारण तिच्यात आधार कुठले घेतले ते मला दाखवता येतं.

पुढची पायरी गॅप फिलिंग, आणि तिच्याबद्दल माझं मत थोडं सावध आहे. अलाइनमेंटनंतर तक्त्यात रिकाम्या जागा राहतात. रिकामी जागा म्हणजे घटक नाही असं नव्हे. कधी पीक ठरवलेल्या उंचीच्या जरा खाली राहिलेलं असतं, कधी आकार बिघडलेला असतो. गॅप फिलिंग मूळ स्कॅनमध्ये परत जाऊन त्या वस्तुमानाच्या आणि वेळेच्या चौकटीत काही सापडतं का ते पाहतं. आवश्यकच आहे. पण चौकट मोठी ठेवली तर ते गोंगाटही उचलून आणतं आणि तक्त्यात तो आकडा खऱ्या आकड्यासारखाच दिसतो. एमझेडमाइनमध्ये रंगाचा ठिपका असतो, आधीच सापडलेल्याला हिरवा आणि नंतर भरलेल्याला पिवळा. तक्ता दुसरीकडे नेला की हे रंग सोबत जात नाहीत. म्हणून मी स्थितीचा रकाना निर्यातीत मुद्दाम घेते आणि एखाद्या गटात पिवळेच पिवळे असतील तर ती ओळ निष्कर्षातून बाहेर ठेवते.

पहिला तक्ता अकरा हजारांवर ओळींचा होता. वेळ दुरुस्त केल्यावर, ब्लँकमध्ये दिसणारे घटक काढल्यावर, क्यूसीमध्ये स्थिर नसलेले गाळल्यावर तेवीसशे उरल्या. त्यातही एकाच घटकाच्या अनेक ओळी असतात. कुरकुमिन ३६९.१३३३ वर दिसतं तसंच सोडियम लागून ३९१.११५२ वरही दिसतं, आणि काही कुरकुमिन आयन-स्रोतातच फुटून १७७.०५४६ वर दिसतं. तिघांची वेळ एक, पीकचा आकार एक. एमझेडमाइनमध्ये अशा ओळी आकाराच्या साम्यावरून एकत्र बांधायची सोय आहे. ती वापरली नाही तर कुरकुमिनला आकडेवारीत तीन मतं मिळतात. आमच्याकडच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मग तेवीसशे घटक म्हणायचे की नाही?" नाही म्हणायचे. तेवीसशे फीचर, म्हणजे एका वस्तुमानाच्या आणि वेळेच्या ओळी, म्हणायचं, घटक त्याहून बरेच कमी.

याच कामाच्या एक्ससीएमएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरशी तुलना बरेच जण विचारतील. तेही २००६ चंच, अमेरिकेतल्या स्क्रिप्सचं, आर भाषेत चालतं. रिटेन्शन टाइम दुरुस्ती त्यात कामाच्या ओघातच येते, आणि सगळं कोडमध्ये असल्यामुळे कुणी काय केलं ते ओळीओळीने राहतं. ज्याला आर येतं त्याने तेच वापरावं, मी अडवणार नाही. पण आमच्या प्रयोगशाळेत यंत्र चालवणारे बहुतेक जण रसायनशास्त्रातले आहेत, कोड लिहिणारे नाहीत. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पीक बघावं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि नोंदीची अडचण एमझेडमाइनमध्येही सुटते: सगळ्या पायऱ्या आकड्यांसह एका बॅच फाइलीत साठवता येतात. ती फाइल दुसऱ्याला पाठवली की तो आपल्या नमुन्यांवर तीच वाट चालवू शकतो. आमच्या अहवालाला मी ती फाइल जोडते.

यंत्राबद्दल दोन शब्द. १६ जीबी मेमरीच्या साध्या संगणकावर शहाऐंशी फाइली चालल्या. तिसऱ्या आवृत्तीत बराचसा डेटा मेमरीऐवजी डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलींत राहतो, त्यामुळे डिस्क एसएसडी हवी आणि तात्पुरत्या फाइलींची जागा सेटिंगमध्ये जाऊन मोकळ्या ड्राइव्हवर न्यावी. मी ते केलं नव्हतं, सी ड्राइव्ह भरली आणि रात्रभराचं काम सकाळी अर्धवट सापडलं. यूपीएसचं सांगायला नकोच.

तक्त्यानंतरची वाटही मोकळी आहे. एमएस-टू स्कॅन एकत्र करून फीचरमागे एक स्पेक्ट्रम अशी फाइल आणि सोबत तक्ता, हे दोन्ही थेट जीएनपीएस या स्पेक्ट्रम जुळवून पाहणाऱ्या संकेतस्थळाला देता येतात. सारखे स्पेक्ट्रम एकमेकांना जोडणारं आमच्या हळदीचं जाळं मी तिथे काढलं. कुरकुमिनॉइड एका झुबक्यात आले. १७७ आणि १४७ च्या तुकड्यांवरून कोण कुठलं ते ओळखता येतं: कुरकुमिनला १७७, बिसडेमेथॉक्सिला १४७, डेमेथॉक्सिला दोन्ही. झुबक्याच्या कडेला तीन ठिपके असे आहेत ज्यांना अजून नाव नाही. ते तिन्ही गावांच्या हळदीत आहेत, क्यूसीतही आहेत, दोन्ही लॉटमध्ये आहेत. त्यांच्यावर काम चालू आहे.

कुणासाठी घ्यावं? एकदोन ठरलेले घटक मोजायचे असतील, कुरकुमिनची टक्केवारी हवी असेल, तर याची गरज नाही. त्यासाठी स्टँडर्ड (त्या घटकाचा शुद्ध नमुना) आणि यंत्राचं स्वतःचं सॉफ्टवेअर पुरतं. नमुन्यात काय काय आहे हेच शोधायचं असेल आणि फाइली दहापेक्षा जास्त असतील, तर घ्या. मात्र शिकायला आठवडा नाही, महिना धरा. पहिल्यांदा फक्त क्यूसीच्या फाइली टाका. एकच मिश्रण वारंवार चालवलेलं असतं, त्यामुळे त्याचा तक्ता भरलेला आणि सपाट यायला हवा. तो तसा येईपर्यंत आकडे बदलत राहा, मगच नमुने टाका. आणि नमुन्यांची पाळी ठरवताना गावं लॉटमध्ये वाटून टाका. एक गाव एका लॉटमध्ये राहिलं तर वेळेची दुरुस्ती होते, पण तीव्रतेतला लॉटचा फरक आणि गावाचा फरक एकमेकांत इतके मिसळतात की कुठलंही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही. माझे छत्तीस नमुने याच कारणाने पुन्हा चालवायला लागले, या वेळी चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवली.

ताईंना मी फोन केला. सांगितलं की आकडे पुन्हा काढतोय, दोन महिने लागतील, आणि का लागतील तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे हळद पुन्हा पाठवू का?" पाठवा म्हटलं, या वेळी एकाच दिवशी सगळ्यांची. काल चाळीस पाकिटं आली आहेत, प्रत्येकावर शेताचा गट क्रमांक आणि काढणीची तारीख लिहिलेली.